तारण कुणाच्या हातात? देवाची निवड आणि माणसाचा निर्णय

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो ती मंडळी, स्थापन झाली. बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. एकत्र यायला ४१ वर्षं लागली. त्या सहांमध्ये प्रेस्बिटेरियन परंपरेतली मंडळी होती आणि मेथडिस्टही होते. या दोन घराण्यांमध्ये एका प्रश्नावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला होता. माणसाचं तारण होतं ते देवाने त्याला आधीच निवडलेलं असतं म्हणून, की देवाने पुढे केलेलं दान माणूस स्वतःच्या मर्जीने घेतो म्हणून?

सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये रविवारी उपासनेला बसलेल्यांना आज विचारलं तर या वादाचं नावही बऱ्याच जणांना आठवणार नाही. पण प्रश्न प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मुलगा चर्चला यायचा बंद झाला की येतो, घरात अकाली मरण आलं की येतो. ख्रिस्ती नसलेले माझे मित्रही विचारतात, की तुमचा देव सर्वशक्तिमान आहे तर तुमच्या विश्वासाला किंमत काय? म्हणून हे सगळं एकदा नीट मांडून बघतो.

आधी तारण म्हणजे काय ते. ख्रिस्ती विश्वासात पाप ही नुसती चुकांची यादी नाही. माणूस देवापासून तुटला आहे आणि ते तुटलेपण त्याच्या इच्छेपर्यंत, आवडीनिवडीपर्यंत मुरलं आहे. त्यातून सुटणं आणि देवाशी पुन्हा जुळणं म्हणजे तारण. ते येशूच्या मरणामुळे आणि पुनरुत्थानामुळे मिळतं, ती कृपा आहे, स्वतःच्या पुण्याईवर ते कमावता येत नाही. इथपर्यंत कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट सगळ्यांचं जुळतं. फाटा फुटतो तो पुढच्या पावलावर. कृपा सगळ्यांसाठी असेल तर एक जण ‘हो’ म्हणतो आणि दुसरा ‘नको’ म्हणतो, हे कशामुळे?

बायबल या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवडा म्हणतो. निवडता येत नसेल तर असं सांगण्यात काही अर्थ नाही. दुसरीकडे योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो, की पित्याने ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊच शकत नाही. इफिसकरांच्या पत्रात देवाने आपल्याला जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं असं आहे, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असंही आहे. मिसरचा राजा फारो याची गोष्ट वाचा. निर्गमाच्या आठव्या अध्यायात फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो. नवव्या अध्यायात परमेश्वर त्याचं मन कठीण करतो. फारोने आधी केलं आणि देवाने मागून त्यावर शिक्का मारला, असं म्हणून सुटावं म्हटलं, तर चौथ्या अध्यायातच देवाने मोशेला आधी सांगून ठेवलेलं असतं, की मी त्याचं मन कठीण करीन. लेखकाला दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवायला संकोच वाटलेला नाही. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाही वाटत नाही. फिलिप्पैकरांना तो लिहितो, की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच दमात पुढे म्हणतो, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही तुमच्यात देवच घडवतो.

यावर पहिलं मोठं भांडण पाचव्या शतकात झालं. पेलागियस नावाचा ब्रिटनमधून आलेला एक तपस्वी रोममध्ये राहत होता. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात एक प्रार्थना लिहिली होती, की जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. ती ऐकून पेलागियस अस्वस्थ झाला. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती कसे जगतात ते तो पाहत होता. बळ देवानेच द्यायचं असं एकदा लोकांना सांगितलं, की सुधारायचं कशाला, असंच ते म्हणणार. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात आहेच, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला पाखंडी ठरवून इतिहास पुढे गेला, पण त्याची काळजी खरी होती असं मला वाटतं.

ऑगस्टीन काय म्हणत होता ते मला एका उदाहरणाने नीट कळतं. समजा, आपल्या मोहल्ल्यातला एक माणूस दारूच्या आहारी गेला आहे. रोज संध्याकाळी तो गुत्त्याकडे वळतो. कुणी त्याला ओढून नेत नाही. पाय त्याचे, पैसा त्याचा, इच्छाही त्याचीच. सकाळी तो लेकराची शपथ घेतो आणि दिवेलागणीला मोडतो. हा माणूस स्वतंत्र आहे का? पेलागियस म्हणेल, आहे, मनावर घेतलं तर आज सुटेल. ऑगस्टीन म्हणेल, जबरदस्ती नाही एवढ्यापुरता तो स्वतंत्र आहे, पण ज्या मनावर घ्यायचं ते मनच तर धरलं गेलंय. त्याला उपदेशाने भागणार नाही. त्याची आवडच बदलेल अशी मदत बाहेरून यायला हवी. आणि समजा ती आली. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, माणूस सुटला. गल्लीतले म्हणतात, त्याने सोडली. बायको म्हणते, देवाने सोडवलं. दोघंही खरं बोलतात. पण त्या माणसालाच विचारा. ‘मी सोडली’ हे वाक्य खोटं नसतं, तरी ते छातीठोकपणे म्हणायला त्याची जीभ वळत नाही. आपण आपल्या बळावर सुटलो नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं.

निवडीचा सगळा सिद्धांत मुळात या माणसाच्या तोंडचा आहे. मागे वळून बघणाऱ्याने उपकार मानताना उच्चारलेला. हेच वाक्य पुढे तोंड करून, दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं (हा निवडलेला, तो नाही), की त्यातून क्रौर्य निघतं. चर्चच्या इतिहासातली या विषयावरची बरीचशी दुखणी इथूनच आलेली दिसतात.

४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली, ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेनेही. ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथे असं ठरलं, की विश्वासाकडे वळण्याची पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते, आणि देव कुणाला पापासाठी नेमून ठेवतो हे मात्र आम्ही मानत नाही. ऑरेंजचं हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

हजार वर्षांनी धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे प्रोटेस्टंट कॅथलिक चर्चपासून वेगळे झाले तेव्हा, प्रश्न पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, १५२५ मध्ये लूथरने त्याला सडेतोड उत्तर दिलं. पण या विषयाला नाव चिकटलं ते धर्मसुधारक कॅल्व्हिनचं. देव आपल्या सार्वभौम इच्छेने काहींना तारणासाठी निवडतो आणि काहींना निवडत नाही, आणि ही निवड माणसातला कुठलाही गुण पाहून झालेली नसते, असं त्याने मांडलं. कॅल्व्हिनला यात काही कठोर दिसत नव्हतं, हा समज चुकीचा आहे. हा ठराव भयंकर आहे हे मी कबूल करतो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

नेदरलँड्समधल्या लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस कॅल्व्हिनच्याच परंपरेत शिकला होता. त्याला हे पटेना. तो १६०९ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमी निवेदन दिलं. डॉर्टच्या सभेने १६१८ ते १६१९ मध्ये ते फेटाळलं. आर्मिनियस म्हणजे पेलागियसचाच नवा अवतार, असं पुष्कळ प्रवचनांत सांगतात, त्यात तथ्य नाही. कृपेशिवाय माणूस देवाकडे वळू शकत नाही हे आर्मिनियसलाही मान्य होतं. मतभेद दोन ठिकाणी होता. ती कृपा नाकारता येते का? आणि अमुक माणूस विश्वास ठेवेल हे आधीच पाहून देव निवडतो, की देवाने निवडल्यामुळे तो माणूस विश्वास ठेवतो?

नागपुरात हा विषय स्कॉटलंडच्या वाटेने आला. १८४५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले. १८८३ मध्ये सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या मंडळीचा पाया होता वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा कबुलीजबाब, १६४६ सालचा, पक्का कॅल्व्हिनवादी. जे जे घडतं ते देवाने अनादिकालापासून ठरवलं आहे असं तो म्हणतो, आणि लगेच तीन गोष्टी जोडतो. म्हणून देव पापाचा कर्ता ठरत नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि जगातल्या कारणांचं खरेपण नाहीसं होत नाही. हे एकत्र कसं बसतं हे त्यात समजावलेलं नाही. पण कुठल्या टोकाला जायचं नाही याच्या खुंट्या मात्र रोवलेल्या आहेत. पुढे १८९२ मध्ये याच फ्री चर्चने खुलासा केला, की निवडीची शिकवण देवाच्या सर्व माणसांवरच्या प्रेमाला धरूनच समजून घ्यायची.

सेमिनरी हिल्स या भागाला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे हे नाव पडलं, तिथल्या कॅथलिक परंपरेचा रस्ता वेगळा. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं, की माणसाची इच्छा दुबळी झाली आहे पण विझलेली नाही, आणि कृपेने जागी होऊन ती कृपेशी सहकार्य करते. पण कशी, यावर कॅथलिकांतही जुंपलीच. मोलिना या जेझुइट संघातल्या धर्मगुरूने १५८८ मध्ये एक युक्तिवाद मांडला. प्रत्येक माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःच्या मर्जीने काय करेल हे देवाला ठाऊक असतं, आणि ते लक्षात घेऊनच त्याने जगाची रचना केली. म्हणजे योजना देवाची, निर्णय माणसाचा. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या विद्वानांना हे मान्य नव्हतं. माणूस काय करेल यावर देवाची योजना अवलंबून राहिली तर देव सार्वभौम कसला? रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच वाद थांबवला. दोन्ही मतं शिकवता येतील, मात्र एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणायचं नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. सत्य एकच आहे यावर दोघांचा विश्वास होता, पण ते पूर्ण हाती आल्याचा दावा त्यांनी सोडून दिला.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मेथडिस्ट परंपरेचा जनक जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोन जिवलग मित्र उघड्या मैदानांत हजारोंना उपदेश करत हिंडले. व्हाइटफील्ड कॅल्व्हिनवादी होता. वेस्लीने १७३९ मध्ये निवडीच्या शिकवणीवर कडक प्रवचन दिलं आणि मैत्रीला तडा गेला. वेस्लीचं म्हणणं असं, की माणूस देवाला शोधू लागण्याआधीच देवाची कृपा प्रत्येकापर्यंत पोचलेली असते. ‘हो’ म्हणण्याची ताकद तीच देते, पण ‘नको’ म्हणण्याची वाट ती बंद करत नाही. दोघांचं मत शेवटपर्यंत एक झालं नाही. तरी व्हाइटफील्ड १७७० मध्ये वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमध्ये स्मरणाचं प्रवचन वेस्लीने दिलं. तो दिवस १८ नोव्हेंबरचा होता. त्यानंतर बरोबर २०० वर्षांनी, त्याच नोव्हेंबरात, दोघांच्या परंपरांतले लोक नागपुरात एका मंडळीत आले. मला याचं अप्रूप वाटतं.

सीएनआयने वाद मिटवला नाही, पण दोन्ही बाजूंना घरात जागा ठेवली. बाप्तिस्म्यातच बघा. या मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा चालतो, आणि जाणत्या वयात स्वतः कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्माही चालतो. पहिल्यात देव आधी हे दिसतं. बाळाने काहीच केलेलं नसतं, त्याला मान सावरायचीही समज नसते. दुसऱ्यात माणसाचं उत्तर दिसतं. एकाच मंडळीतल्या दोन घरांत हे दोन प्रकार होऊ शकतात आणि कुणी कुणाला कमी लेखायचं नसतं.

शास्त्रपाठाच्या वर्गात मुलं जो प्रश्न विचारतात तो असा असतो: “देवानं जर आधीच ठरवलं असन, तं मंग प्रार्थना कायले करायची?” मुलांच्या डोक्यात इथे नशीब असतं. नशीब म्हणजे काहीही करा, शेवट तोच. बायबलमधला देव शेवट ठरवतो तेव्हा तिथे पोचण्याची वाटही त्यात धरलेली असते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज वादळात सापडलं आहे, जहाजावर २७६ माणसं. पौल सांगतो, देवाच्या दूताने मला कळवलंय, तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही. झालं, ठरलं. पण थोड्या वेळाने खलाशी होडी सोडून पळायच्या बेतात दिसतात, तेव्हा हाच पौल सैनिकांना सांगतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. सैनिक होडीचे दोर कापतात. मग पौल सगळ्यांना जेवायला लावतो, गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर असे सगळे किनाऱ्याला लागतात. देवाने वचन दिलं होतं म्हणून पौल स्वस्थ बसला नाही. उलट वचन होतं म्हणूनच त्याला त्या गोंधळात डोकं शांत ठेवून योग्य ते करता आलं.

विल्यम केरीचंही तसंच. निवडीची शिकवण मानणारा हा इंग्लिश बाप्टिस्ट मिशनरी. देवाला परदेशातल्या लोकांचं तारण करायचं असेल तर तो तुमच्या मदतीवाचून करेल, असं त्याला एका ज्येष्ठाने सुनावल्याचा किस्सा सांगतात. केरीने ते ऐकलं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) बसून त्याने ढीगभर भाषांत काम केलं. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं. निवडीवर विश्वास असलेला माणूस हातावर हात ठेवून बसतो, हे निदान त्याच्याबाबतीत तरी खरं नाही.

आणखी एक प्रवास आपल्या भागातला आहे. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ती भेट योगायोग होती की योजना? त्या डब्यात बसताना टिळकांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी पुस्तक घेतलं, वाचलं, तपासलं, स्वतःशी झगडले. मागाहून पाहताना मात्र त्या डब्यात आपल्याला कुणी आणून बसवलं असं विश्वास ठेवणाऱ्याला वाटतं, आणि तसं वाटण्याने त्यांची झुंज खोटी ठरत नाही. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या मागोमाग लगेच गेल्याच नाहीत. पुढे काही वर्षांनी, स्वतःला पटलं तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूरकरांना हे वेगळं समजावायला नको. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी विचारपूर्वक धर्म निवडला, त्या शहरात माणसाचा निर्णय ही हलकी गोष्ट नाही. ख्रिस्ती ईश्वरज्ञानाने तो हलका करू नये असं माझं ठाम मत आहे.

याच कारणाने अंत्यविधीच्या वेळी ऐकू येणारं एक वाक्य मला खटकतं: “देवाची मर्जी.” सांत्वनासाठी म्हणतात, हेतू चांगला असतो. पण रस्त्यावरच्या अपघातात तरुण मुलगा गेलेल्या आईला ते ऐकवणं म्हणजे भरधाव गाडी चालवणाऱ्याचा गुन्हा देवाच्या नावावर टाकणं आहे. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या कॅल्व्हिनवादी कबुलीजबाबानुसारसुद्धा पाऊस खरा, पूर खरा, अंधार खरा. देव घडू देतो ते आणि देवाला आवडतं ते यांत फरक आहे, हे ऑगस्टीनपासून बहुतेकांनी जपलं आहे. मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी येशू त्याला उठवणार होता, तरी आधी तो रडला.

आणि ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही, किंवा ऐकून आपापल्या धर्मात राहिले, त्या आपल्या शेजाऱ्यांचं काय? कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं, की स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बाकीच्या मंडळ्यांत यावर बरीच मतं आहेत. न्याय देवाचा आहे एवढं म्हणून मी थांबतो, कारण इथे यादी करायला बसलेला माणूस देवाच्या खुर्चीत बसलेला असतो.

माझा कल विचाराल तर वेस्लीकडे आहे. येशू यरुशलेमला उद्देशून म्हणतो, कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुमच्या मुलांना जवळ घ्यायची माझी किती वेळा इच्छा होती, पण तुम्हाला ते नको होतं. नाकारता येणारच नाही अशी कृपा असती तर या शब्दांतलं दुःख मला समजलं नसतं. पण गुडघे टेकतो तेव्हा मी ऑगस्टीनसारखाच बोलतो. लेकरासाठी प्रार्थना करताना “प्रभू, त्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करू नकोस” असं कुठलीच आई म्हणत नाही. त्याचं मन वळव, असंच म्हणते.

राहतो तो प्रश्न, जो तरुण मुलं पाळकांना एकांतात विचारतात: मी निवडलेला आहे हे मला कसं कळणार? प्रार्थनेत मन लागत नाही, तेच पाप पुन्हा होतं, म्हणजे मी यादीत नाहीच का? कॅल्व्हिनचं यावरचं उत्तर फार कमी लोकांना माहीत आहे. देवाच्या गुप्त ठरावात डोकावून आपलं नाव शोधू नकोस, तो चक्रव्यूह आहे, शिरलास तर बाहेर पडायची वाट नाही, असं तो बजावतो. निवड बघायचा आरसा एकच, ख्रिस्त. त्याच्याकडे बघ. तो आपल्याकडे येणाऱ्याला मुळीच घालवून देत नाही, हे योहानाच्या त्याच सहाव्या अध्यायात आहे, पित्याने ओढण्याच्या वचनाच्या सातच ओव्या आधी. वेस्लीला कुणी हे विचारलं असतं तरी त्याने त्या मुलाला त्याच दिशेला पाठवलं असतं, आणि वाट न पाहता आजच जा म्हणाला असता.